मधल्या रेषेवरचा रेझिस्टर

कॉम्बायनर काढून टाकायचा आणि पॉवरची बेरीज पॅच अँटेनाच्या तांब्यावरच होऊ द्यायची, या एका हट्टात माझी उमेदीची वर्षं गेली. समोरासमोरच्या कडांना १८० अंशांच्या फरकाने दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडले की दोघांची पॉवर एकाच मोडमध्ये उतरते आणि थेट हवेत जाते. विल्किन्सन कॉम्बायनरच्या फांद्यांत उष्णता होऊन जाणारी पॉवर वाचते. कॉम्बायनर नसलेला तो बोर्ड पाहुण्यांपुढे ठेवताना माझी मान ताठ व्हायची. अजूनही होते.

अडतं एकाच ठिकाणी, आयसोलेशनपाशी. दोन्ही पोर्ट एकाच मोडवर बसले की त्यांच्यात जेमतेम ६ डेसिबलचा आडोसा उरतो. एका अ‍ॅम्प्लिफायरने मान टाकली, आणि त्याचं टोक ५० ओहमच राहिलं असं धरलं, तरी दुसऱ्याची निम्मीच पॉवर हवेत जाते. पाव त्याच्याच अंगावर परत येते, पाव मेलेल्यात शिरते. टोक शॉर्ट झालं तर हिशेबच निराळा. अर्नेस्ट विल्किन्सनच्या १९६० सालच्या मांडणीत अशा वेळी वाया जाणारी निम्मी पॉवर १०० ओहमच्या रेझिस्टरमध्ये जिरते, जिवंत अ‍ॅम्प्लिफायरला त्याची झळ लागत नाही. पॅचवर फीड आत सरकवून मॅच सुधारतो, आयसोलेशन जागचं हलत नाही. हल्ली आदर्श सोर्स लावून कार्यक्षमतेचे आकडे छापतात, त्याचा मला मनापासून राग येतो. शेजारशेजारचे दोन ट्रान्झिस्टरही सारखे तापत नाहीत.

यंदा आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘सर, कॉमन मोडला जायला वाट नाही, म्हणून तो परत येतो. मधल्या रेषेवरून रेझिस्टर ग्राउंडला नेऊ का?’’

कामाच्या मोडचं व्होल्टेज त्या रेषेवर शून्य, कॉमन मोडचं, म्हणजे दोन्ही कडांना सारख्याच फेजने येणाऱ्या भागाचं, तिथेच सर्वाधिक. म्हणजे रेझिस्टर नको त्यालाच गिळणार. त्याच शून्यावरून मी कायम दोन्ही ड्रेनना डीसी देत आलोय! आपल्याला हे सुचलं नाही याचा मत्सर वाटला. ‘‘रेझिस्टर आला की तो पुन्हा कॉम्बायनरच,’’ असं मी ठणकावलंही. तिने शांतपणे विचारलं, ‘‘मग एक अ‍ॅम्प्लिफायर गेला की दुसरा कोण वाचवणार?’’

सिम्युलेशनमध्ये तिचं बरोबर ठरलं. आता डीसी शॉर्ट होऊ नये म्हणून रेझिस्टरच्या वाटेत कपॅसिटर हवा, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर नि व्हाया मिळून इंडक्टन्स आणतात. ती व्हाया वाढवायला सांगते. मला डीसी दुसरीकडून आणायचाय, आणि त्यावरून आमचा रोज वाद चालतो.