ब्रह्मपुत्रावरील आमची खोली

आमचें कुसगांव लोणावळ्याच्या कुशींत वसलेलें. जवळच कुरवंड्याच्या डोंगरांत इंद्रायणी उगम पावते. पुढें ती देहू-आळंदीस संतांची होते आणि तुळापुरास भीमेला मिळते. पण उगमाजवळ तिचा प्रवाह लहान मुलानेंहि ओलांडावा इतकाच. अशा गांवच्या माणसांना मोठ्या नदीवर सात रात्री राहावयाचें ठरल्यावर पहिला प्रश्न पडला तो प्रेक्षणीय स्थळांचा नव्हे, तर निजावयाच्या खोलीचा.

माझ्या पुतण्यानें आम्हां तिघांसाठीं, म्हणजे मी, सौ. आणि त्याची आई, माझ्या वहिनी, यांसाठीं गेल्या हिवाळ्यांत गुवाहाटीहून पूर्वेकडे जाणाऱ्या एका लहान पर्यटन-बोटीचा बेत केला. धुब्रीपासून सादियापर्यंतचा ८९१ किलोमीटरांचा हा मार्ग १९८८ सालीं राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. बोटीचा नकाशा घरीं आला. बारा केबिनी, सहा खालच्या मजल्यावर, सहा वरच्या. वरच्यांचें भाडें अधिक. आम्हांस दोन खोल्या हव्या होत्या. त्यांतून दोघांच्या खोलींत एकट्यानें राहिल्यास जादा आकार पडतो. हिशेब मांडतां वरची खोली एकच परवडेल असें दिसलें.

ती वहिनींची व सौ.ची, असें मीं परस्पर ठरवून टाकलें. थोरले बंधु गेले तेव्हां मी मॅट्रिकलाहि बसलों नव्हतों. वहिनींनीं लोकांचें शिवणकाम करून आपल्या मुलाबरोबर मलाहि शिकविलें. स्वयंपाकघरालगतची अंधारी खोली त्यांनीं जन्मभर आपली मानली. आतां तरी उजेडाची खोली त्यांस मिळावी, एवढाच माझा हेतु होता.

मग मीं अभ्यास आरंभिला. समुद्रावरील बोटींत खोली मध्यभागीं व शक्य तितकी खालीं घ्यावी, कारण तेथें हेलकावे कमी बसतात, हा जुन्या प्रवाशांचा उपदेश मला ठाऊक होता. पण नदीवर समुद्रासारख्या लाटा नसतात. तेथें हा नियम फारसा लागू पडत नाहीं. तेथें पाहावयाचें तें निराळेंच. यंत्रें बहुधा मागील भागीं असतात. तेथील खोलींत घरघर अधिक. ऱ्हाइन-डान्यूबवरील बोटींत अगदीं खालच्या मजल्याच्या खिडक्या पाण्याला लागून असल्यानें उघडतां येत नाहींत. शिवाय धक्क्यावर दोन-तीन बोटी एकमेकींस चिकटून उभ्या राहिल्या, कीं महागड्या सज्जांतूनहि शेजाऱ्याच्या खिडकीचेंच दर्शन घडतें! आपल्याकडे १३ जानेवारी २०२३ रोजीं काशीहून निघालेली 'गंगा विलास' सुमारें ३,२०० किलोमीटर जाऊन दिब्रुगडास पोहोंचली. तिच्यांत अवघ्या अठरा खोल्या. आमच्या खिशाला मात्र ती नव्हती.

बाजूचाहि विचार केला. बोट पूर्वेस जाणार, म्हणजे डावी बाजू उत्तरेची. हवा स्वच्छ असल्यास डोंगरांच्या रांगा तिकडे दिसाव्या. उजवी बाजू दक्षिणेची. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून ऊन तिकडे. मीं वरची, मध्यावरची, उजवीकडील खोली निवडली आणि विजयी मुद्रेनें नकाशा वहिनींपुढें ठेवला.

त्यांनीं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला व विचारलें, "भाऊजी, जेवणघर कोठें आहे?"

"खालीं."

"आणि हा जिना किती पायऱ्यांचा?"

तें मीं विचारलेंच नव्हतें. वहिनी हंसून म्हणाल्या, "माझ्या मानासाठीं मला माळ्यावर बसवूं नका. माझे गुडघे मानपान जाणत नाहींत."

मी ओशाळलों. चार दिवस मी दिशा, यंत्रें आणि भाडें यांचा काथ्याकूट करीत होतों. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, त्यांस एक प्रश्न विचारावयाचें राहून गेलें होतें. पुतण्यानें चौकशी केली. जिना अरुंद व उभा निघाला. शेवटीं दोघीजणी खालीं, मध्यावर, उजवीकडे राहिल्या. मलाहि शेजारींच खालची खोली घेतली, आणि वांचलेल्या पैशांत माझा जादा आकार बहुतेक भागला.

ब्रह्मपुत्राचें पात्र वाळूचे बांध सारखे हालवीत असतें, म्हणून आमची बोट रात्रीं चालत नसे. संध्याकाळीं वाळवंटाशीं दोर बांधून थांबे. धुक्यामुळें सकाळींहि उशीर होई. रघूनें हा लौहित्य ओलांडतांच प्राग्ज्योतिषाचा राजा कांपला, असें कालिदास सांगतो. हें वर्गांत मीं कितीदां तरी शिकविलें असेल. पैलतीर दिसेना, तेव्हां त्या कंपाचें कारण मला कळलें. याला नदी न म्हणतां नद कां म्हणतात, तेंहि निराळें सांगावें लागलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पहाटे वहिनींनीं माझें दार ठोठावलें. त्यांच्या खिडकीपासून पाणी हाताच्या अंतरावर होतें. धुकें विरळ होत होतें, आणि एक करडी पाठ वर येऊन सुस्कारा टाकून पुन्हां बुडाली. खलाशी म्हणाला, "शिहू." मला एकदम 'शिशुमार' आठवला. गंगेंतील हाच डॉल्फिन २००९ सालीं आपला राष्ट्रीय जलचर ठरला. वरच्या मजल्यावरील मंडळी चहाला खालीं आलीं, तोंवर तो तीनदां वर येऊन गेला होता.

"इतकीं वर्षें मुलांना शब्द शिकविलात," वहिनी म्हणाल्या, "प्राणी आज पाहिलात."

जे प्रथमच असा प्रवास करणार असतील, त्यांनीं नकाशा अवश्य पाहावा. यंत्र कोठें, ऊन कोणीकडे, खिडकी उघडते कीं नाहीं, जिना केवढा, हें सारें विचारावें. पण त्याआधीं जो त्या खोलींत निजणार, त्यास विचारावें. घरीं परतल्यावर वहिनींची खोली आम्हीं बदलली. कोणती हवी, हें या वेळीं मीं त्यांनाच विचारलें. त्यांनीं अंगणाकडील निवडली. तिला पायरी एकच आहे.