उपचार संपल्यानंतर

लहानपणी कर्करोग होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ साली 'ॲक्ट क्लिनिक' सुरू झाले. उपचार थांबून दोन वर्षे झाली आणि रोग उलटला नाही, की मुलाचे नाव इथे दाखल होते. बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा इस्पितळात कशाला बोलवायचे, असे घरच्यांना वाटते. पण डॉक्सोरुबिसिन या औषधाने हृदयाच्या स्नायूला केलेली इजा कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी उघड होते, सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाने ऐकू येणे कमी होऊ शकते आणि डोक्याला दिलेल्या किरणांमुळे उंची खुंटते, गणित जड जाऊ लागते. त्यामुळे वर्षाकाठी एकदा तपासणी लागते.

शरीराचे एवढे तरी कागदावर येते. बाकीचे येत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. तेवढ्यात वर्गमित्र पुढे गेलेले असतात. केस पुरते न आलेले मूल टोपी घालून शाळेत येते, तेव्हा 'याच्याजवळ बसू नकोस' असे आपल्या मुलाला बजावणारे पालक आजही भेटतात. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी वर्गाला सांगितले तर बराच त्रास वाचतो. खर्च काहीच नाही. भावंडांचा विचार तर फारसा कोणी करत नाही. आईवडील मुंबईत धर्मशाळेत राहतात तेव्हा ती गावी आजीजवळ वाढतात, आणि घर पुन्हा एकत्र आल्यावर त्यांचा रुसवाही बाहेर येतो.

सगळ्यात अवघड गाठ लपवाछपवीची. आजार पाहुण्यारावळ्यांत कळू नये म्हणून, मुलगी असेल तर तिचे लग्न अडू नये म्हणून, फाइल कपाटाच्या तळाशी जाते. भीती खोटी नाही. स्थळे खरोखर परत जातात. परंतु फाइलबरोबर तपासणीही सुटते, आणि पुढे बाळंतपणात धाप लागली तर समोरच्या डॉक्टरला त्या जुन्या औषधाचा पत्ताच नसतो. काही मुलांना तर आपल्याला काय झाले होते हे मोठेपणीच कळते. आईवडिलांना दोष देऊन ही गाठ सुटत नाही. 'उगम' या गटाचे महत्त्व इथे आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली २००९ मध्ये उभा राहिलेला हा गट लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्यांचाच आहे. नोकरी करणारा, संसाराला लागलेला असा तरुण आपले नाव लावून उघडपणे बोलतो, तेव्हा नव्या रुग्णाच्या आईला जो धीर येतो, तो डॉक्टरने सांगितलेल्या टक्केवारीने येत नाही.

कायद्याचा आधार मात्र तुटपुंजा. फ्रान्समध्ये २०१६ पासून, ठरावीक काळ लोटल्यावर, कर्जाच्या विम्यासाठी जुना कर्करोग सांगण्याची सक्ती नाही; २०२२ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आली. भारतात असा कायदा नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पाय कापावा लागलेला मुलगा बसतो, पण हृदय कमजोर झालेली मुलगी बसत नाही. डोळ्याच्या कर्करोगात एकच डोळा गेला असेल, तर आरक्षणासाठी लागणारी ४० टक्क्यांची अट सहसा पुरी होत नाही.