मातीविना मोगरा

फुलझाडांना पाण्यातून खत कसे द्यावे, यावर चार शब्द लिहा असे आमच्या इमारतीतील भगिनींनी सुचविले. त्याला कारण झाली एक बाटली. आमच्या महिला बचत गटातील नऊ जणींनी गॅलरीत व खिडकीत शेवंती, झेंडू आणि मोगरा लावायचा आणि फुले स्टेशनजवळच्या गजरेवाल्या बाईला द्यायची असे ठरविले होते. एवढ्यात एक विक्रेता गृहस्थ आला. "हे औषध घाला, फुले दुप्पट येतील," असे सांगून त्याने बैठकीत एक रंगीत बाटली फिरविली. गटाच्या शिलकीतून अशा चोवीस बाटल्या घेण्याचा ठरावही लिहून झाला.

मी गटाचा हिशेब तपासून देतो, म्हणून ठरावाची वही माझ्याकडे आली आणि वहीबरोबर बाटलीही आली. कारकुनाची सवय अशी की पुढचे चित्र न पाहता मागचा बारीक मजकूर वाचायचा. त्यावर नत्र २ टक्के, स्फुरद ४ टक्के, पालाश ६ टक्के असे छापलेले. बाटली अडीचशे मिलीची. म्हणजे सर्व मिळून झाडाच्या कामाचे अन्न साधारण ३० ग्रॅम आणि बाकी बहुतेक पाणी. त्याच किमतीत कृषी सेवा केंद्रात 'झिरो बावन्न चौतीस' या नावाने ओळखले जाणारे एक किलो विद्राव्य खत मिळते. त्यात शंभर भागांपैकी ८६ भाग अन्न, म्हणजे किलोमागे ८६० ग्रॅम. इकडे ३०, तिकडे ८६०. धुणीभांडी करून आणि शिलाईच्या पैशांतून महिन्याला शंभर-शंभर रुपये जमा करणाऱ्या या भगिनी. त्यांचे पैसे रंगीत पाण्यात जायचे होते. मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि ठराव रद्द झाला. पण गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "दादा, नुसतं नको म्हणू नका. मग करायचं कसं, ते दाखवा."

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा. रसायनशास्त्राची आणि माझी गाठ दहावीलाच सुटली. पण माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिची पुस्तके, घरातील एक वही आणि सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा एवढ्या भांडवलावर आम्ही बापलेकीने हे काम केले. ते वर्षभर चालले आहे, म्हणून लिहितो.

माती का नको, हा पहिला प्रश्न. आम्ही राहतो पुनर्वसनाच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. कुंड्यांतील चिखल खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतो म्हणून सोसायटीने मातीच्या कुंड्यांना बंदी केली. शिवाय ओल्या मातीचे वजन ग्रिलला पेलत नाही. नारळाच्या भुशाचे कोकोपीट हलके असते. परंतु त्यात झाडाला पुरेल असे अन्न जवळजवळ नसते. सगळे पाण्यातूनच द्यावे लागते. माझी आई हे ऐकून म्हणाली, "मातीबिगर झाड जगतंय व्हय रं? काय तरी सांगतोस."

आईचे म्हणणे अडाणीपणाचे नाही. पूर्वी मोठमोठ्या पंडितांनाही हा प्रश्न पडला होता. जर्मनीत सॅक्स व नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकात क्षार पाण्यात विरघळवून त्यात झाडे वाढविली आणि झाडाला मातीची नव्हे, तर मातीतील क्षारांची गरज असते हे दाखवून दिले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिक यांनी १९३७ साली या पद्धतीला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. पुढे १९३८ मध्ये होगलंड व आर्नन यांनी क्षारांचे प्रमाण देणारी पुस्तिका काढली. आजही जगभर त्यांचेच प्रमाण आधाराला घेतात. आपल्या देशात १९४६ साली तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग येथे शोल्टो डग्लस यांनी महागड्या यंत्रांवाचून, साध्या साधनांनी हे प्रयोग सुरू केले. होगलंड-आर्नन यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. चांगल्या मातीपेक्षा पाण्यात पीक फार जास्त येते असे नाही. विक्रेते हे सांगत नाहीत.

आता कृती. कृषी सेवा केंद्रातून चार खते आणावीत. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट (दुकानदार याला 'तेरा झिरो पंचेचाळीस' म्हणतो), झिरो बावन्न चौतीस आणि मॅग्नेशियम सल्फेट. याशिवाय १२ टक्के लोह असलेले चिलेटेड लोह आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे छोटे पाकीट. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात पुष्कळदा जस्त जास्त व लोह कमी असते. म्हणून लोह वेगळे घ्यावेच लागते.

एक-एक लिटरच्या दोन बाटल्या करायच्या. पहिल्या बाटलीत कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम आणि लोह १.७ ग्रॅम. दुसरीत पोटॅशियम नायट्रेट ३० ग्रॅम, झिरो बावन्न चौतीस २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये १ ग्रॅम. आधी बाटलीत पाऊण लिटर पाणी घ्यावे, एकेक क्षार पूर्ण विरघळल्यावरच पुढचा टाकावा आणि शेवटी पाणी घालून लिटर पुरे करावे. नायट्रेट विरघळताना बाटली हाताला गार लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो त्या क्षाराचा गुण आहे.

झाडाला घालायच्या वेळी दहा लिटरच्या बादलीत पाणी घेऊन पहिल्या बाटलीतील १०० मिली टाकावे, चांगले ढवळावे आणि मगच दुसरीतील १०० मिली टाकावे. दोन्ही बाटल्या मिळून १०० लिटर पाणी तयार होते. हिशेब केला तर एक किलो कॅल्शियम नायट्रेटमधून चौदा बाटल्या, म्हणजे चौदाशे लिटर पाणी निघते. एका घराला ते संपता संपणार नाही. म्हणून गटाने प्रत्येक खत एकेक किलोच घेतले आणि काट्यावर वजन करून नऊ घरांत वाटले. पावसाळ्यात कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओल ओढून पाणी होते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावे.

"दोनच्या जागी एकच बाटली का नाही?" असे सगळ्याच विचारतात. मुलीने बैठकीत काचेच्या पेल्यात दोन्ही पाणी मुद्दाम एकत्र ओतून दाखविले. बघता बघता दुधासारखे पांढरे झाले आणि तळाला गाळ बसला. दाट पाण्यात कॅल्शियमची सल्फेट व फॉस्फेटशी गाठ पडली की जिप्सम आणि त्याच्यासारखेच न विरघळणारे पदार्थ तयार होतात. तो गाळ झाडाला मिळत नाही. बादलीभर पाण्यात मात्र ते इतके पातळ होतात की एकत्र सुखाने नांदतात.

रोपे लहान असताना अर्ध्या ताकदीचे पाणी द्यावे, म्हणजे दहा लिटरला ५०-५० मिली. कळ्या धरू लागल्या की पुढची बाटली भरताना कॅल्शियम नायट्रेट ७० ऐवजी ६० ग्रॅम घ्यावे आणि दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम सल्फेट १० ग्रॅम वाढवावे. नत्र थोडे कमी, पालाश थोडे जास्त. एवढाच काय तो फुलांचा 'मंत्र'. स्फुरद भरमसाट घातले की फुले वाढतात ही समजूत खोटी आहे. जादा स्फुरदामुळे उलट लोह व जस्त झाडाला मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात.

पाण्याची आम्लता मोजण्याचे कागद माशांच्या टाकीचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. आकडा साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. मुंबईला तलावाचे मऊ पाणी येते, त्यामुळे फारसे करावे लागत नाही. बोअरिंगच्या पाण्यात मात्र चुना असतो आणि आकडा चढतो. मोगऱ्याला ते अजिबात सोसत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह मिळत नाही असे समजावे. अशा वेळी चिमूटभर लिंबूसत्व घालून आकडा खाली आणता येतो. मात्र जंतू ते खाऊन टाकतात आणि चार दिवसांत आकडा पुन्हा वर जातो, तेव्हा पुन्हा तपासावे लागते. संडास धुण्याचे किंवा बॅटरीचे ॲसिड यासाठी कोणी सुचविले तर ऐकू नये.

कोकोपीटची वीट भिजवून तीन-चार पाण्यांनी धुवावी, कारण तिच्यात खारेपणा असतो. नंतर ६५० ग्रॅमच्या विटेला १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा धुवावी. रंगाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोके पाडून त्यात झाड लावावे. दहा भांडी पाणी घातले तर एक-दोन भांडी खालच्या ताटात निथळली पाहिजेत. आठवड्यातून एकदा नुसते पाणी घालून साचलेला क्षार धुऊन काढावा. खालचे ताट त्याच दिवशी रिकामे करावे. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आमच्या वस्तीत डेंग्यूने काय होते ते मी सांगायला नको.

तिसऱ्या मजल्यावरील एका भगिनीची शेवंती हिरवीगार होती, पण कळी काही धरेना. ती खत वाढवायला निघाली होती. जाऊन पाहिले तर झाड व्हरांड्यातील ट्यूबलाइटखाली, आणि ती रात्रभर चालू. शेवंतीला कळी धरायला मोठी, अंधारी रात्र लागते. संध्याकाळी सातला झाडावर काळे कापड झाकून सकाळी काढायचे एवढेच सांगितले. थंडीचे दिवस होते, महिनाभरात कळ्या आल्या. खत तेच होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाटल्या ठेवण्याची जागा. लोहामुळे पहिल्या बाटलीचे पाणी सरबतासारखे तांबूस दिसते. ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नये. नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते. पोटॅशियम नायट्रेट आगीला जोर देते, म्हणून ते शेगडी, मेणबत्ती व अगरबत्तीपासून लांब ठेवावे. आमच्याकडे दोन्ही बाटल्या कुलपाच्या कपाटात असतात.

आईला वाचता येत नाही. म्हणून मुलीने पहिल्या बाटलीला लाल चिंधी बांधली आणि दुसरीला पांढरी. खत म्हटले की आई आधी हात मागे घ्यायची. चाळीस वर्षे लोकांच्या रानात तिने उघड्या हाताने युरिया फेकला. हाताला भेगा पडायच्या, त्यात मीठ भरल्यासारखी आग व्हायची. "पोत्यावर काय लिव्हलंय ते कुणी वाचून दावलं न्हाई," असे ती म्हणते. मुलीने तिला रबरी हातमोजे आणून दिले आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते एकेक करून सांगितले. आता सकाळी पाणी आले की आधी लाल, मग पांढरी, असे म्हणत तीच बादली ढवळते, आणि शेजारणींना "कॅल्शियम पयलं" म्हणून बजावते.

मोगऱ्याची छाटणी आम्ही डिसेंबरच्या शेवटी केली. नवी फूट येईपर्यंत अर्ध्या ताकदीचेच पाणी दिले. मार्चपासून फुले सुरू झाली. गटातील चौघींची फुले गजरेवाल्या बाईकडे जातात, दोघींनी झेंडू वाढविला आहे, आणि बाकीच्यांची झाडे अजून लहान आहेत. ताटात निथळलेले पाणी नाल्यात ओतले तर तेथे शेवाळ माजते, म्हणून ते आम्ही खाली नेऊन फाटकाजवळच्या करंजाला घालतो.