जैसलमेर : मंदिरे, वाळू आणि एक उंट

जैसलमेरला जायचे ते मंदिरांसाठी, असे आम्हा उभयतांच्या मनात गेली वीस वर्षे होते. नोकरीत असताना कधी मुलांच्या परीक्षा असत, तर कधी बँकेचा वार्षिक हिशेब. निवृत्तीनंतर गुडघे आडवे आले. अखेर गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात योग आला, आणि तोही मुलीच्या मुलामुळे. तेरा वर्षांच्या या नातवाने आपली अट आधीच घातली होती : मंदिरे बघतो, पण वाळवंटात एक रात्र राहायचे आणि वाळूत चालणारी ती चार चाकांची क्वाड बाइक चालवायची. कर्जदारांशी वाटाघाटी करण्यात माझे आयुष्य गेले. एवढी सोपी अट मान्य करायला मला वेळ लागला नाही.

पुण्याहून जोधपूर आणि तेथून रस्त्याने जैसलमेर, हे अंतर सुमारे २८० किलोमीटर. अर्ध्या वाटेनंतर झाडे खुरटी होत जातात, मग केवळ खेजडी आणि आक उरतो. संध्याकाळच्या उन्हात किल्ला दुरूनच दिसू लागतो. ११५६ मध्ये रावळ जैसल याने वसवलेला हा किल्ला पिवळ्या दगडाचा असून आजही त्याच्या आत माणसे राहतात. चुली पेटतात, मुले शाळेला जातात, आणि त्याच बोळांत आपली सात मंदिरे उभी आहेत. पार्श्वनाथ, संभवनाथ, चंद्रप्रभ, ऋषभदेव, शीतलनाथ अशी नावे ओळीने वाचताना घरच्या माणसांना भेटल्यासारखे वाटले. आम्ही दिगंबर परंपरेतले, त्यामुळे डोळे जडवलेल्या मूर्तींसमोर दृष्टी स्थिरावायला क्षणभर लागतो. मग तो क्षणही जातो.

संभवनाथ मंदिराच्या तळघरात जिनभद्रसूरी ज्ञानभांडार आहे. पंधराव्या शतकात स्थापन झालेल्या या भांडारातील ताडपत्रांवरील ग्रंथ जाड भिंती आणि कोरडी हवा यांमुळे शतकानुशतके टिकले. विसाव्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजयजींनी येथे राहून त्यांची व्यवस्था लावली. दर्शनासाठी मोजकीच पाने काचेखाली ठेवली होती. सौभाग्यवती त्या काचेपुढून हलेनात. मी मात्र, सवयीने, पैशाचा विचार करीत होतो. पाऊस नाही, शेती नाही, नदी नाही, अशा ठिकाणी एवढे कोरीव दगड आणि एवढे ग्रंथ आले कोठून? उत्तर साधे आहे. सिंध आणि त्यापलीकडील मुलुखाशी चालणारा व्यापार या गावातून जात असे. रेशीम, मसाले, अफू, सुका मेवा यांची ने-आण करणाऱ्या काफिल्यांवर येथील शेठ मंडळी मोठी झाली आणि त्यांनी मंदिरे बांधली. काफिला म्हणजे उंट. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ज्या प्राण्यापुढे जाऊन उभे राहिलो, त्याचे आपल्या समाजावर हे जुने देणे आहे. ते मला तेव्हा सुचले नव्हते, नंतर सुचले.

सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. रस्त्याच्या एका बाजूला तंबूंच्या वसाहती आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या. आमच्यापुढे पहिला प्रश्न जेवणाचा होता. सहल ठरते ती सूर्यास्त पाहण्यासाठी, आणि जेवण येते रात्री नऊला, नाचगाणे झाल्यावर. सौ.चा रात्रिभोजनाचा त्याग लग्नाआधीपासूनचा आहे. सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तंबूच्या व्यवस्थापकाला मी जरा संकोचानेच विचारले. तो हसून म्हणाला, ‘‘जैन जेवण ना? रोज असते. पाचला ताट लावतो.’’ आणि खरोखरच पाचला बाजरीची भाकरी, केर-सांगरी आणि गट्ट्यांची भाजी आली, कांदा-लसणाविना. एवढा आधार आपल्याच राज्यात कित्येक ठिकाणी मिळत नाही, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

त्यामुळे उंटाची फेरी आम्ही तीन वाजताच उरकून घेतली. उंट मागच्या पायांवर आधी उठतो. बसणारा प्रथम पुढे झुकतो, देवाला दंडवत घालतो आणि मग मागे येतो. सौ.नी डोळे मिटून णमोकार म्हटला. पलाणावर जाड गोधडी होती, तरी माझ्या गुडघ्यांनी आपले मत लगेच कळवले. पण दहा पावलांनंतर त्या चालीला एक लय सापडते. रुंद, गादीसारखा पाय वाळूवर टेकतो, पसरतो, आवाज होत नाही. टेकडीआड गेल्यावर लोकांचा गलबलाही थांबला. दोरी धरून पुढे चालणारा उंटवाला साठीचा असावा, माझ्याच वयाचा. ‘‘बाबूजी, सैल बसा. तो चालतोय, तुम्ही चालू नका,’’ एवढेच तो बोलला.

जेवणानंतर सूर्य मावळेपर्यंत मी त्याच्याजवळ वाळूत बसलो. पशुधनाची कर्जे मी पुष्कळ मंजूर केली आहेत. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेच्या काळात मिरज तालुक्यातील म्हशी आणि शेळ्या मी कानातल्या बिल्ल्यांवरून ओळखत असे. तेव्हा सहज विचारले, उंट किती? ‘‘एक. वडिलांच्या वेळी सात होते.’’ मग विचारले, बाकीचे कोठे गेले? आणि मला जे ऐकावे लागले त्यासाठी माझी तयारी नव्हती.

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले आणि २०१५ मध्ये कायदा केला : उंटाची कत्तल बंद आणि परवानगीवाचून त्याला राज्याबाहेर नेणेही बंद. ही बातमी आली तेव्हा आमच्या गावच्या मंडळाने अभिनंदनाचे पत्र पाठवले होते. मसुदा माझा होता. अहिंसेच्या इतिहासातील सुवर्णपान वगैरे शब्द मी त्यात घातले होते, आणि मनापासून घातले होते.

उंटवाला सांगत होता, की उंटीण घरी राहते आणि नर विकला जातो, हा पाळणाऱ्याचा हिशेब. उंटिणीला तेरा महिन्यांनी एक पिल्लू होते, दोन वर्षांतून एकदा. त्यातला नर मोठा झाला की जत्रेत न्यायचा. गाडी ओढायला, नांगराला उंट हवा म्हणून हरियाणा आणि उत्तर प्रदेशाकडचे शेतकरी पूर्वी घेत. त्या पैशात बहिणींची लग्ने झाली. आधी ट्रॅक्टर आला आणि गिऱ्हाईक कमी झाले. मग कायदा आला आणि उरलेले गिऱ्हाईकही घाबरले. कागद कोण करणार, वाटेत गाडी अडवली तर कोणाला उत्तर देणार? ‘‘आज बकरीला भाव आहे, उंटाला नाही.’’ मी विचारले, ‘‘मग कायदा नको होता का?’’ त्याने माझ्याकडे नीट पाहिले. ‘‘कापायला देणार नाही, बाबूजी. ते पाप आम्हालाही कळते. पण पाळणाऱ्याला विकू तर द्या.’’

आकडे मी घरी येऊन पाहिले. राजस्थानात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे सव्वातीन लाख उंट होते. २०१९ मध्ये सव्वादोन लाखांहूनही कमी. साऱ्या देशात ते चार लाखांवरून अडीच लाखांवर आले. घसरण कायद्याच्या आधीपासूनची आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये देशात दहा लाखांवर उंट होते. ट्रॅक्टर, जीपगाड्या, आटलेली चराऊ राने ही कारणे जुनीच आहेत. शिवाय कायद्यात परवानगीची वाट ठेवलेली आहे, आणि पिल्लू जन्मल्यास पाळणाऱ्याला अनुदान देण्याची योजनाही राज्य सरकारने आणली. पण परवानगीचा अर्ज म्हणजे काय असतो, हे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हयात घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. जी वस्तू विकता येत नाही ती तारण म्हणून चालत नाही, हे मी कनिष्ठ अधिकाऱ्यांना शिकवीत असे. जे जनावर विकता येत नाही ते पाळलेही जात नाही, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते. सुरीपासून वाचलेला उंट जन्मालाच येत नसेल, तर आपण नेमके काय वाचवले?

इतक्यात क्वाड बाइकचा आवाज आला. ती चालवणारा तरुण या उंटवाल्याचाच मुलगा निघाला. त्याने हप्त्यांवर गाडी घेतली होती. अशा गाडीला कर्ज मिळते. उंटाला कोण देणार, असे बापाने हसत सांगितले. नातू पुढे बसला, तो तरुण मागे. अंगठ्याने वेग द्यायचा, फुगीर चाकांनी वाळू उडवीत टेकडी चढायची आणि पलीकडे पोटात गोळा आणत उतरायचे. पोरगा आनंदाने ओरडत होता. पुढची फेरी मीही मारली, खोटे कशाला लिहू? मजा आली. उतरल्यावर मात्र कान बराच वेळ वाजत राहिले, आणि सौ.नी विचारले, ‘‘चाकाखाली काय काय आले असेल हो?’’ पायाखाली चार हात जमीन पाहून चालावे, हे आपल्याला लहानपणी शिकवतात. त्या गाडीवरून चार हात दिसत नाहीत.

नाचगाणे पाहिले. मांगणियार गायकाच्या आवाजाला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, तरी तो होताच. साडेनऊला आम्ही तिघे उंटवाल्यासोबत दिव्यांपासून दूर, दोन टेकड्या ओलांडून गेलो. अमावास्या जवळ होती. पाच-दहा मिनिटांत डोळे सरावले आणि नातू एकदम गप्प झाला. हा मुलगा गप्प होणे ही स्वतंत्र घटना आहे.

कृत्तिका जवळजवळ डोक्यावर होत्या. त्यांच्या पूर्वेला लालसर रोहिणी, खाली मृग आणि क्षितिजाच्या थोडा वर लखलखता व्याध. उंटवाल्याच्या बोलीत कृत्तिकांना किरत्या म्हणतात आणि मृगाला हिरणी. हरिणाचे नाते सांगलीतही तेच आणि येथेही तेच. ध्रुव त्याने शर्मिष्ठेवरून दाखवला, कारण सप्तर्षी तेव्हा क्षितिजालगतच होते. मला ध्रुव उंच वाटला. मग उमगले, की ध्रुवाची उंची म्हणजे त्या जागेचे अक्षांश. सांगलीत सतराच्या आसपास, येथे सत्तावीस. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश व्यापते. नातवाला तसे करायला लावले. आपल्या गच्चीवरचा ध्रुव एक मूठ वर सरकला आहे हे त्याने स्वतः मोजले, आणि मग हाताच्या मुठीने सारे आकाशच मोजत सुटला. मोबाईल खिशातच राहिला.

‘‘ध्रुव डाव्या खांद्यावर ठेवला की पूर्वेकडे नीट मागच्या बाजूला न भरकटता जाता येते,’’ अशा अर्थाचे काही उंटवाला सांगत होता. वडील असेच रात्री चालत, दिवसा नाही. सौ.नी त्याला विचारले, उंट पाण्यावाचून किती दिवस राहतो? ‘‘थंडीत आठवडाभर काही म्हणत नाही.’’ ‘‘मग याचा नियम माझ्याहून कडक आहे,’’ असे म्हणून त्यांनी शाल आवळून घेतली.

रात्री बाराला मी एकटाच पुन्हा बाहेर आलो. थंडी बोचरी होती. दक्षिणेला, वाळूच्या कडेला जेमतेम एक मूठ वर, अगस्ती दिसत होता. आपल्याकडे तो दोन मुठी वर येतो. इतका खाली उतरलेला अगस्ती मी प्रथमच पाहिला, आणि घर किती दूर आहे ते त्याने सांगितले.

सकाळी साडेसातला सूर्य उगवला तेव्हा टेकडीवर रात्रीचा वारा फिरून वाळू नवी झाली होती. तिच्यावर किड्यांच्या पायांच्या बारीक शिवणी होत्या, एका सरड्याच्या शेपटीची रेघ होती, आणि एका बाजूला उंटाचे गोल ठसे. नातू त्या शिवणींच्या कडेने, एकही न मोडता, वाकून वाकून चालत होता. दुसऱ्या क्वाड फेरीचे पैसे मी आधीच दिले होते. त्याने सांगितले, की ते उंटाच्या फेरीत वळते करा.

निघताना उंटवाल्याने विचारले, बँकेत ओळख आहे का? मी निवृत्त असल्याचे सांगितले. तो म्हणाला, मग कोणाला तरी लिहा.

घरी आल्यावर मंडळाची जुनी फाइल काढली. २०१५ च्या त्या पत्राचा मसुदा माझ्याच अक्षरात तिच्यात आहे. त्याच फाइलमध्ये कोरा कागद लावून दुसरे पत्र लिहायला घेतले आहे : पाळण्यासाठी घेणाऱ्याला उंट विकण्याची परवानगी तालुक्याच्या ठिकाणीच आणि ठरलेल्या दिवसांत मिळावी, एवढी एकच मागणी. मंडळाच्या पुढील बैठकीत ते वाचायचे आहे. दोघे-तिघे विरोध करतील, हे आताच दिसते आहे.