अठरा दिवस आणि एक रात्र

भोसरीतल्या गाळ्यात आम्ही दोघं मित्र शेतीपंपाचा मोबाइल स्टार्टर बनवायला लागलो. शेतीची वीज अनेकदा रात्री-अपरात्री येते. शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जायला लागू नये, एवढीच इच्छा. पहिल्याच सर्किट बोर्डात (पीसीबीत) रिलेच्या पायांची भोकं चुकली. दुरुस्त बोर्ड यायला 18 दिवस लागले. बरेचसे दिवस तर फाइल नुसती पडून होती. आधी पीसीबीवाल्या काकांकडे, मग त्यांच्या ड्रिलवाल्याकडे.

पुढच्या खेपेला चीनमधलं शेनझेन गाठलं. ह्वाछ्यांगबेईच्या बाजारात सेग प्लाझात शिरलो आणि भांबावूनच गेलो. मजल्यांवर मजले, त्यात इवलेसे काउंटर. एकाकडे फक्त कनेक्टर, शेजारी फक्त रिले. तिथल्या बाईंनी माझा रिले उलटा धरून पायांमधलं अंतर मोजलं, कॅल्क्युलेटरवर भाव मांडून माझ्यापुढे सरकवला. आमच्या भावाहून थोडाच कमी! मी तर सगळी लढाई भावाचीच समजत होतो. संध्याकाळी बोर्डाची फाइल दिली, दुसऱ्या संध्याकाळी पाच बोर्ड हातात. रिले अचूक बसला.

बोर्ड देणारा पोरगा विशीतला, डोळे लाल. अशा राबण्याला चीनमध्ये ‘996’ म्हणतात: सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 6 दिवस. तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. माणूस पिळून मिळणारा वेग मला नको.

परतल्यावर काही महिन्यांनी आमच्या स्टार्टरसारखाच चिनी डबा ऑनलाइन विकायला दिसला. आमच्याकडून चुकून राहिलेली कोपऱ्यातली जादा खाचसुद्धा त्यात होती! पोटात खड्डा पडला. ही चोरीच. सरकारी अनुदानाच्या जोरावर भाव पाडणं हाही अन्यायच. त्यासाठीच युरोपीय संघानं ऑक्टोबर 2024 मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर 35.3 टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावलं. अशा गोष्टींविरुद्ध सरकारनं खमकेपणानं उभं राहायलाच हवं.

पण ते 18 दिवस कुणा चिन्यानं चोरले नव्हते. माझी फाइल भोसरीतच पडून होती.

आता ड्रिलची फाइल मी स्वतः ड्रिलवाल्याकडे नेऊन देतो, त्याच दिवशी. मागचा बोर्ड सहा दिवसांत आला.