आधीच लिहिलेला शेरा

परवा रात्री नातीचा फोन आला. "आजी, तुझा कागद कुठंय? सगळ्यांचे आले, तुझाच राहिलाय."

हा कागद म्हणजे काय ते आधी सांगते. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या लहानशा गावात राहतात. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य ऑफिस तिथं आहे, त्यामुळे पुण्यातून, त्यातही कोथरूडमधून, तिकडं गेलेली मराठी घरं त्या गावात बरीच सापडतात. नात तिथून साठेक किलोमीटरवर ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकते. कॉलेजचा फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी आमच्या घरात एक खेळ चालतो. कागदावर मोसमातले बारा सामने लिहायचे आणि कुठला जिंकणार, कुठला हरणार ते आधीच लिहून द्यायचं. ज्याचं जास्त बरोबर येईल त्याला बाकीच्यांनी डिसेंबरात जेवायला न्यायचं.

हा फुटबॉल आपला पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर तो पुढं फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू कुणाकडे टाकायचा हे क्षणात ठरवतो तो क्वार्टरबॅक. मला सुरुवातीला काही कळत नव्हतं. मग कबड्डी डोळ्यांसमोर आणली आणि बरंच कळायला लागलं. वीतभर जागेसाठी तीच झटापट आणि पाडापाडी.

मी या खेळात पहिल्यांदा उतरले ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. नात पहिल्या वर्षाला जाणार म्हणून मी तिकडंच होते. इंडियानाचा संघ कसा आहे म्हणून विचारलं तर जावई हसायलाच लागले. "आई, इथं लोक बास्केटबॉल बघतात. फुटबॉल म्हणजे मैदानाबाहेर पार्किंगमध्ये खायला-प्यायला जमायचं निमित्त!" खरंच होतं ते. बास्केटबॉलमध्ये या विद्यापीठाची पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. फुटबॉलमध्ये मात्र सातशेहून जास्त सामने हरलेले. तेव्हा त्या पातळीवरचा देशातला सगळ्यात जास्त पराभवांचा संघ हाच होता. मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यांना बोल म्हणतात. तसला सामना त्यांनी शेवटचा जिंकला होता १९९१ साली. २०२३ मध्ये बारापैकी नऊ सामने हरले आणि जुन्या प्रशिक्षकांना जावं लागलं.

नवे आले ते कर्ट सिग्नेटी. वय बासष्ट. मोठमोठ्या विद्यापीठांत सहायक म्हणून काम केलेला हा माणूस २०११ मध्ये अलाबामासारखी नावाजलेली जागा सोडून, कमी पगारावर, एका लहान विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. तिथून एकेक पायरी चढत इथवर आला. आल्यावर कुणीतरी त्यांना विचारलं, इथं यायला खेळाडू तयार कसे करता? तर म्हणाले, मी जिंकतो, गूगल करून बघा. मला तो जरा आगाऊपणाच वाटला.

मोसमाआधी तिकडच्या पत्रकारांनी बिग टेन या गटाचे अंदाज दिले होते. नाव बिग टेन, पण संघ अठरा! त्यांत इंडियानाचा नंबर सतरावा. मी पेपर तपासल्यासारखा तो सतरावा नंबर धरून कागद भरला आणि बारापैकी आठ ठिकाणी 'हरणार' असं लिहिलं. संघाला मी पाहिलंही नव्हतं.

त्या वर्षी इंडियानानं पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. शेवटी अकरा जिंकले आणि फक्त दोन हरले. त्यातही शेजारच्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीला ६६-० असं हरवलं. घरात माझी यथेच्छ चेष्टा झाली. मीही हसले. पण रात्री झोप लागेना. मला एक जुना शेरा आठवत होता.

१९८९ ची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. गणित, इंग्रजी दोन्ही कच्चं. त्या वर्षी आम्हा सगळ्या शिक्षकांच्या डोक्यात दहावीचा निकाल होता, टक्केवारी खाली येऊ द्यायची नव्हती. वार्षिक परीक्षेत तो कसाबसा वर ढकलला गेला. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'दहावी उत्तीर्ण होणे कठीण.' अक्षर छान होतं माझं. खाली सही केली आणि पुढचं प्रगतिपुस्तक उघडलं.

जूनमध्ये तो आला नाही. वडिलांनी शेरा कुणाकडून तरी वाचून घेतला आणि म्हणाले, बाईच म्हणतायत तर फी कशाला घालवायची? त्याला गॅरेजवर लावलं. मला हे कळलं दिवाळीनंतर. तेव्हा वाईट वाटलं, पण त्याच्या घरी काही मी गेले नाही.

जवळजवळ वीस वर्षांनी एका लग्नात तो भेटला. वाकून नमस्कार केला, बायकोला म्हणाला, "ह्या आमच्या बाई." मी चाचरत त्या शेऱ्याचा विषय काढला. तर अगदी साधेपणानं म्हणाला, "बाई, तुम्ही बरोबरच लिहिलं होतं. माझ्याच्यानं झालंच नसतं."

त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. वीस वर्षं तो माणूस माझं एक वाक्य खरं मानून जगला होता. आणि ते खरं होतं की खोटं, हे मला आजही माहीत नाही. परीक्षेला तो बसलाच नाही, मग कळणार कसं? इंडियानालाही लोकांनी सतरावा नंबर दिला. पण वेळापत्रकात बारा सामने होते आणि ते खेळायला मिळाले.

असो. पुढचं ऐका. २०२५ च्या मोसमाआधी लोक म्हणाले, गेल्या वर्षी नशीब होतं, सामने सोपे होते. देशाच्या यादीत त्यांना विसावा नंबर दिला. नवा क्वार्टरबॅक होता फर्नांडो मेंडोझा, क्यूबाहून आलेल्या कुटुंबांतला मायामीचा मुलगा. तिकडं शाळकरी खेळाडूंनाही पाचापैकी तारे देतात, म्हणजे पुन्हा शेराच. याच्या वाट्याला थोडेच आले होते. नोव्हेंबरात पेन स्टेटच्या मैदानावर शेवटच्या मिनिटात हरता हरता २७-२४ असं जिंकले. एका खेळाडूनं सीमारेषेबाहेर पडता पडता जेमतेम पायाची बोटं आत टेकवून चेंडू झेलला, तो क्षण मी इथं पुण्यात मोबाईलवर दहादा तरी पाहिला असेल. मेंडोझाला हाइझमन ट्रॉफी मिळाली, देशातल्या सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडूला देतात ती. १ जानेवारी २०२६ ला रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ हरवलं. आणि १९ जानेवारीला मायामीला त्यांच्याच मैदानावर २७-२१ हरवून देशाचं विजेतेपद! सोळापैकी सोळा. असं याआधी येल विद्यापीठानं १८९४ साली केलं होतं, म्हणजे टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार करायला घेतला त्या सुमाराला.

आता २०२६ चा मोसम आणि माझा कोरा कागद.

तुम्ही म्हणाल, विजेता संघ आहे, बाराही ठिकाणी 'जिंकणार' लिहून मोकळं व्हावं. पण कॉलेजचा संघ दरवर्षी नवाच असतो. मेंडोझा आता व्यावसायिक फुटबॉलकडे गेला. एलायजा सॅरट गेला, बचावाचा कणा असलेला एडन फिशर गेला. २०२१ पासून तिकडं खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. सिग्नेटींनी संघ उभा केला तो बराचसा अशा दुसरीकडून आलेल्या, थोड्या वयानं मोठ्या मुलांवर. मेंडोझाच्या जागी येतोय टेक्सासमधल्या टीसीयूचा जॉश हूवर. अनुभवी आहे, हात चांगला आहे, पण चेंडू समोरच्यांच्या हातात देण्याची सवय त्याला सोडावी लागेल.

सुरुवात नॉर्थ टेक्सासशी, घरच्या मैदानावर. ते जमून जाईल. पुढं ओहायो स्टेट ब्लूमिंग्टनला येणार आहे. इंडियानानं त्यांना डिसेंबर २०२५ मध्ये १३-१० हरवून गटाचं विजेतेपद घेतलं होतं, ते काही विसरले नसतील. शेवटी पर्ड्यू. या दोघांत १९२५ पासून ओक लाकडाच्या एका जुन्या बादलीसाठी झुंज असते. बादलीच ती, पण त्यापायी सख्खे शेजारी आठवडाभर बोलत नाहीत म्हणे.

मला विचाराल तर एखादा-दुसरा सामना हे हरतील. मला काळजी वाटते ती हरल्यानंतरची. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलांचंही मी पाहिलंय. पुढच्या वर्षी दुसरा नंबर आला की घरी सुतक असल्यासारखं वातावरण. 'नेहमीप्रमाणे प्रथम येईल' हा शेराही मी पुष्कळदा लिहिलाय, आणि तो वाचून एका मुलीचा चेहरा उतरलेला मला आठवतो. तेव्हा वाटलं होतं, चांगलं लिहिलंय तरी हिला आनंद कसा नाही?

नातीला मी म्हटलं, "या वर्षी मी आधी लिहून देत नाही. एकेक सामना झाला की रकाना भरीन."

"आजी, हे चीटिंग आहे."

"असू दे. जेवण माझ्याकडून."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मॅच बघणार ना? इथं दुपारी असली तरी तुझ्याकडे मध्यरात्र होते."

बघणार की. पहिल्या सामन्याच्या दिवशी दुपारीच थोडी झोप काढून ठेवीन म्हणते.