'रनिंगमध्ये बंद पडते' एवढं कागदावर येऊ द्या

पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात चारचाकी असेल तर वाचाच.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मी, बायको, मुलगी आणि आई. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदम गप्प झाली. आचका नाही, आवाज नाही. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे तेवढे लागले. मागे सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक. पहिल्यांदा ब्रेक लागला, जरा सोडून पुन्हा दाबला तर पेडल दगडासारखं. गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला, ट्रकवाल्यानेही वेळेत ब्रेक मारला. मध्ये दोन हात जागा उरली असेल. त्याच्या क्लीनरने उडी मारून आमच्या चाकामागे दगड लावला. आई मागून म्हणाली, "अरे, इथे का थांबलास?" काय सांगणार!

पंधरा मिनिटांनी चावी फिरवली. गाडी एका सेल्फमध्ये चालू.

ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन वेळा शहरात, सिग्नलजवळ झालं होतं. दोन्ही वेळा सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. स्कॅनर लावला, एरर नाही. ट्रायल घेतली, बंद पडली नाही. "सर, गाडी ओके आहे. असं तुमच्याच गाडीला होतंय." पोरगा नम्र होता, त्याच्याशी भांडण नाही. बिघाड तापल्यावर येतो आणि गार झाल्यावर जातो. क्रँक सेन्सर, फ्युएल पंप किंवा वायरिंगचं एखादं ढिलं कनेक्शन, काहीही असू शकतं. वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीत ते सापडेलच असं नाही, हे मलाही कळतं.

पण घाटानंतर तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा वेटिंगमध्ये वाईचे एक शिक्षक भेटले. तेच मॉडेल, तीच तक्रार. त्यांनाही सांगितलेलं, "तुमच्याच गाडीला होतंय." मग मी घरी येऊन जुनी जॉबकार्डं काढली. दोन्हींवर काय लिहिलेलं? 'जनरल चेकअप'. खाली माझीच सही. म्हणजे कागदावर माझी गाडी कधी बंद पडलीच नव्हती!

हे किती महाग पडू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. जनरल मोटर्सच्या काही मॉडेल्समध्ये इग्निशन स्विच ढिला होता. चावीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने तो सरकायचा, चालती गाडी बंद पडायची आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. तक्रारी येत होत्या. पण गाडी बंद पडणं हा सुरक्षेचा नाही, ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न, असं कंपनीत वर्षानुवर्षं धरलं गेलं. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले.

आपल्याकडेही आता कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेशी संबंधित दोष असेल, तर मालकाला परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर तक्रार करता येते. एका मॉडेलच्या ठराविक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होते, आणि सरकारी आदेशाने गाड्या परत बोलवायची वेळ आली तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण सगळी गोम त्या 'संख्येत' आहे. मी सर्व्हिस सेंटरमध्ये आरडाओरडा करून घरी आलो, वाईचे सरही तसेच घरी गेले. मोजणीत आम्ही दोघंही शून्य.

म्हणून एवढं करा:

१. जॉबकार्डवर 'रनिंगमध्ये बंद पडते' हेच शब्द लिहून घ्या. सोबत तारीख, ठिकाण, वेग, किलोमीटर. त्याशिवाय सही करू नका.

२. काही सापडलं नाही तर 'काही सापडलं नाही' हेही लेखी घ्या. तीच तक्रार कंपनीला ईमेल करा.

३. 'वाहन' पोर्टलवर तक्रार नोंदवा. दाद नाही मिळाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

४. चालती गाडी बंद पडलीच, तर ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पुन्हापुन्हा मारू नका. स्टिअरिंग जड होऊ शकतं, दोन्ही हातांनी धरा. चारही इंडिकेटर लावा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

माझी तक्रार आता नोंदवलेली आहे. गाडीचं कारण अजून सापडलेलं नाही. हप्ते चालू आहेत. आणि आई साताऱ्याला एसटीने जाते. म्हणते, "ती निदान बंद पडली तर कंडक्टर दुसऱ्या गाडीत बसवून देतो."

तुमची गाडी अशी बंद पडली असेल तर इथे कमेंट करा, पण त्याआधी पोर्टलवर लिहा. इथल्या कमेंट कोणी मोजत नाही.